उतारावरचं बंद इंजिन

पुणे, ९ जून १९८९

तीर्थस्वरूप पिराजी अण्णास धाकट्या गौतमचा जयभीम.

मी खुशाल हाय. कारखान्यात दोन तऱ्हेची इंजिनं तपासायलोय. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून इंजिनचीच ताकद खातो. तेच काम करणारा तुमच्या नव्या लॉरीतला टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. डिझेल कमीच लागतं.

तरी तुम्ही डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायलाव म्हणं. कामून? इंजिन बंद असलं की ब्रेकला हवा भरत न्हाई, अण्णा, मग ब्रेकच लागत न्हाई.

आईचा गुडघा कसा हाय?

वहिनीला टर्बोचंच वाचून दाखवा, पुढचं नको. आपले अप्पा उलटलेल्या लॉरीखाली गेले, तेव्हाही उतारावर इंजिन बंदच होतं. टाकीत डिझेल शिल्लक होतं.

तुमच्या वाटेकडं डोळे लावून,
गौतम