नदी कोणत्या बाजूला होती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे उभ्यानेच घातला आहे, तू साष्टांग धरून चाल.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? इथे अण्णा ठीक आहेत, मीही ठीक आहे. निदान आम्ही दोघांनी एकमेकांना तसं सांगितलं आहे.

तू अण्णांच्या वाढदिवसाला पाठवलेली त्या जुन्या वाफेच्या गाडीची दोन तिकिटं वापरून झाली. नदीकाठाने रमतगमत जाणारी, लाकडी बाकांची गाडी. (बाकं खरोखरच जुनी आहेत, माझ्या पाठीने खात्री करून घेतली.) अण्णांना त्या गाडीतून एकच गोष्ट पाहायची होती, हे तुला ठाऊकच आहे: पलीकडच्या काठावरचं त्यांचं पंपघर. एकतीस वर्षं त्यांनी तिथून अख्ख्या गावाला पाणी चढवलं, पण नदीकडून ती इमारत दिसते कशी हे कधी पाहिलं नाही, कारण ते कायम आत. रस्त्यावरून फक्त मागची भिंत दिसते. आणि आता ती पाडणार आहेत.

तर आमची जागा निघाली डोंगराकडची. नदीकडच्या खिडकीशी एक दातांचे डॉक्टर सपत्नीक बसले होते. भला माणूस. अण्णांची काठी पाहून आपणहून उठला, आजोबा इथे बसा म्हणाला. आता ताई, मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आहे. मी डॉक्टरांना खांदा धरून खाली बसवलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं, की जाताना नदी तुमच्याकडे, येताना गाडीची दिशा उलटी, म्हणजे नदी आपोआप आमच्याकडे. तेव्हा तुम्ही आत्ता सुखाने बघा. (फळा नव्हता, म्हणून धुरकट काचेवर बोटाने आकृती काढली.) दोघातिघांनी माना डोलावल्या. अण्णांनीही डोलावली. त्यानंतर दोन तास आम्ही हातभर अंतरावरचा खडक पाहिला. एका ठिकाणी त्यावर शेवाळ होतं.

शेवटच्या स्टेशनवर इंजिन सुटलं, बाजूच्या रुळावरून फिरून मागच्या टोकाला येऊन जोडलं गेलं आणि डबे होते तिथेच उभे राहिले. हे सगळं मी चहा पीत समोर उभं राहून पाहिलं, तरी डोक्यात काही शिरलं नाही. गाडी निघाली. आम्ही आता पाठमोरे चाललो होतो (अण्णांना त्याने मळमळतं), आणि खिडकीत पुन्हा तोच खडक आला. थोड्या वेळाने तेच शेवाळ. डबा वळलाच नव्हता, ताई. नदी जाताना ज्या खिडकीत, येतानाही त्याच खिडकीत. लाज गिळून डॉक्टरांकडे वळलो, तर ते जेवून, उन्हासाठी पडदा ओढून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. (दाढा उत्तम आहेत.) मी उठवायला निघालो तर अण्णांनी माझी बाही धरली. म्हणाले, "राहू दे. दमलेत बिचारे." मग मीच मान वाकडी करून पाहिलं, तेव्हा पडद्याच्या फटीतून एक पिवळी भिंत सावकाश सरकत गेली. पंपघर असावं. किंवा गोठा.

घरी येऊन दोघंही गरम पाण्यात पाय घालून बसलो. मी फार दमलो आहे, ताई, आणि सगळं त्या गाडीमुळे नव्हे. तुझं प्रेम कळतं, पण असली तिकिटं पुन्हा कृपा करून पाठवू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. अण्णा फोनवर सांगतील की पंपघर फार छान दिसलं. हिरवा दरवाजा, खाली कमानी, असं वर्णनही करतील. शेजाऱ्यांना करून झालं आहे. तू हो ला हो कर.

आणखी ता. क. काल त्यांची दाढी करून देताना विचारलं, की जन्म यंत्रांमध्ये गेला तुमचा, डबे वळत नाहीत हे तुम्हाला कळलं नव्हतं? म्हणाले, "कळलं होतं की. पण तू इतक्या लोकांसमोर सांगत होतास."

शेवटचा ता. क. महिनाअखेरीला पाडकाम सुरू होणार. वर तिकिटांबद्दल लिहिलंय ते खोडून टाक. दोन काढ, नदीकडची. जाताना आणि येताना बाजू तीच. एक अण्णांचं, दुसरं तुझं. तू ये. मी सोबत असलो तर ते पुन्हा माझंच ऐकतील.