गोऱ्यापान लंकाबाई

प्रिय ललित,

फोन बंद करून नामपूरला मामाकडे जाऊन बसलास, म्हणून हे पत्र. आधी मुख्य बातमी देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. प्रदर्शन झालं, आणि चांगलं झालं. मला तर इतकं हलकं वाटतंय की दोन दिवस नुसत्या झोपा काढतेय.

शुक्रवारी गंगापूर रोडच्या दालनात तू छापलेल्या फोटोंची खोकी उघडली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं होतं. दिंडोरीच्या द्राक्षबागांत सुरगाण्याहून कामाला येणाऱ्या बायकांमागे मी छाटणीचा सगळा हंगाम फिरले. मांडव उघडाबोडका, ऊन थेट तोंडावर. म्हणून सकाळचा तिरपा उजेड धरायचा आणि एक्सपोजर जरा कमीच ठेवायचं, तर सावळ्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ उमटते. छाटलेल्या काड्यांना फुटव्यासाठी लाल पेस्ट लावून लावून रंगलेले त्यांचे हात मला हवे होते. नव्या फोटोग्राफरांच्या प्रदर्शनासाठी माझी पहिल्यांदाच निवड झालेली, आणि खोक्यातून निघाल्या कोण? गोऱ्यापान, एक सुरकुती नसलेल्या, हात स्वच्छ धुतलेल्या बायका. त्यांच्यातल्या थोरल्या लंकाबाई तर नवरीच्या आत्याबाई दिसत होत्या.

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला तेव्हाही कळत होतं. तू लग्नाचे अल्बम करणारा माणूस. गिऱ्हाईकाने सांगायच्या आधीच चेहरे उजळायचे, ही तुमच्या धंद्याची रीत. नवरीचा खरा रंग छापलात तर सासर-माहेर दोन्ही मिळून लॅबवर चालून येतील. त्यातून हे माझं पहिलं प्रदर्शन, म्हणून तू अंमळ जास्तच जीव ओतलास. पण मी नाही नाही ते बोलले, आणि तू लॅबची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलास.

त्याच किल्लीने मी लॅब उघडली. मूळ फायली माझ्याकडे होत्याच. चेहरे उजळायचं सगळं बंद केलं, बिनचकाकीचा कागद घातला. तुझ्या आईने चहा दिला आणि तुझ्या नावाने चार शिव्याही घातल्या. पहिल्या प्रिंटवर लंकाबाईंच्या कपाळाच्या रेघा दिसल्या आणि मी तिथेच रडले. शेवटची फ्रेम टांगली तेव्हा पाहुणे दारात उभे होते.

आता पत्राचं खरं कारण. रविवारी लंकाबाई सगळ्या बायकांना जीपमध्ये घालून आल्या. भिंतीवरचा स्वतःचा फोटो बघून त्यांनी नुसती मान डोलावली. मग कोपऱ्यात उलटी टेकवलेली तुझी प्रिंट त्यांनी वळवून पाहिली आणि ती छातीशीच धरली. घरात हाच लावायचा म्हणे. मी उन्हात रापून काढलेला फोटो राहिला भिंतीवर, आणि बाई तुझ्या पार्टीत. तुला निरोप दिलाय त्यांनी. चेहरा त्या पोराने केलाय तस्साच राहू दे, एवढी देखणी मी माझ्या आईलासुद्धा कधी दिसले नव्हते. हात मात्र माझे मला परत दे म्हणावं, नाहीतर घरात नातू विचारेल, ही कोण बाई? ते काम मला जमायचं नाही, ललित. ये आता.

जराही न रागावलेली,
तुझीच उज्वला