निवटे चिखलावर आले

शुक्रवार, परळ

प्रयोगशाळेतले निवटे, ते चिखलात उड्या मारणारे मासे, कालपासून मलूल. त्यांची डॉक्टर मी. पण प्रयोग थांबवा, असं सांगायचं कसं? प्रयोगशाळेच्या प्रमुख सावंत मॅडम वर्षभर त्याचीच तयारी करताहेत. शेवटी आज सकाळी मी बोलले.

"मॅडम, टाकीत पाणी फार झालंय, बसायला चिखल नाही. आत्ता प्रयोगाची सुई टोचली तर मरतील."

चिडतील वाटलं. त्या वाकून टाकीत बघत राहिल्या. "मग थांबू या गं. चल, चिखल आणू."

आणि शिवडीच्या खाडीत सलवार दुमडून स्वतः उतरल्या! मॅडम, चिखलात!

दुपारी सगळ्यांत सुस्त निवटा हळूहळू चिखलावर चढला. मॅडमनी माझा हात घट्ट धरला. "बोललीस, बरं झालं."

खरं तर आभार मी मानायला हवे होते. पण डोळेच भरून आले.