मॅडम, कुठून बोलताय?

१२ जाने. ९८, नगर
अंगणवाडीच्या ट्रेनिंगला आले. मुक्काम शांताकडं, माझ्या धाकट्या बहिनीकडं. माझी सु. कॉलेजपायी तिच्याकडंच ऱ्हाती. दारात दिसली तर वळखलीच न्हाई. केस मानेवर कापलेले! म्हनलं, "कुनाला इचारून कापलेस गं भवाने?" नुसती हसली. हितल्या केबलवाल्यानं तिला त्याच्या चॅनलवर घेतलीय, लोकांचे फोन घ्यायचे अन् गानी लावायची. तिथं नाव म्हनं सँडी. सुनंदाचं सँडी! बारशाला आत्यानं कानात सांगितलेल्या नावाचं पार वाटोळं. पर लेक टीव्हीवर दिसती म्हनल्यावर छाती फुगलीच माझी, खोटं कशाला बोलू.

१४ जाने.
संक्रांत. ट्रेनिंगला सुट्टी. सु. सकाळीच स्टुडिओत पळाली, तिळगूळबी घेतला न्हाई. म्हनलं, टीव्हीवरच देते. शांतानं नंबर लावून दिला. समोर टीव्हीत सु., हितं मी रिसीवर धरून.

ती म्हनली, "हाय!"

मला वाटलं, लाइनीवर कोन हाय का इचारती. म्हनलं, "हाय, हाय, हितंच हाय!"

तिच्याशेजारचा पोरगा खुर्चीवरनं पडायचाच बाकी. "हाय हाय काकू!"

सु.नं आवाज वळखला. डोळे खाली गेले तिचे, मी बघितलं. मग वर बघून हसत म्हनली, "मॅडम, कुठून बोलताय?"

मॅडम. मला!

"बेलापूरची हाय."

"गाणं कुणासाठी लावू?"

"लेकीसाठी."

"नाव सांगा ना लेकीचं."

जिभेवर आलं हुतं. गिळलं. माझंच नाव सांगितलं, यमुना.

"तर हे गाणं यमुनासाठी, तिच्या आईकडून."

गानं कंचं लागलं, देवाला ठाऊक.

१५ जाने.
चहा पिताना सु.चं तोंड सुटलं. "न सांगता फोन कशाला केलास? सगळे हाय हाय करून चिडवतायत मला. आई, तू 'आहे' म्हणत जा ना. काय जातं तुझं?"

म्हनलं, "अन् आई म्हनायला तुझं काय जात हुतं?"

रडली. मीबी रडले. शांता दोघींवर वरडली. ट्रेनिंगला उशीर.

१९ जाने., बेलापूर
परत आले. ह्यांना कायबी सांगितलं न्हाई. वहीत लिहून बघितलं: मी बरी आहे. ज्वारीला हुरडा आला आहे. घरी सर्व ठीक आहे.

तहसीलदाराला अर्ज केल्यावानी वाटतंय. ह्यात मी कुठं हाय? ह्याच बोलीत तिला पाळण्यात जोजवली, ह्याच बोलीत शिव्या घातल्या. त्याच बोलीची आता लाज वाटती तिला. लई तुटतं आतनं.

२५ जाने.
एस्टीडीवाल्यानं हाक मारली, नगरचा फोन. पायात चपलाबी न घालता पळाले.

"आई, मी बोलतेय."

"कशी..." म्हनले अन् थांबले. पुढं हायेस यायचं हुतं. आहेस म्हनायला गेले, जीभच वळंना. बूथवरची मान्सं बघत हुती.

"आई? ऐकू येतंय ना? चिडलीस का गं?"

सगळं ऐकू येत हुतं. तिचं नाक वढनंबी. पर कोनत्या तोंडानं, कोनतं बोलावं... तशीच हुबी ऱ्हायले. तिला वाटलं लाइन तुटली, तिनं ठिवला.

एस्टीडीवाला म्हनला, "मावशी, लावून देऊ का परत?"

म्हनलं, उंद्या बघू.