हिलमनचा डिस्ट्रिब्युटर आणि आमचे बंधू

१५ एप्रिल १९९६
उज्ज्वलाची तारीख पक्की झाली. १२ मे. सासर पैठण. जाहीर करून टाकलं, पोरगी आजोबांच्या हिलमनमधूनच जाईल. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा एक अधिकारी शहर सोडून गेला, त्याच्याकडून बाबांनी घेतलेली गाडी. औरंगाबादेत तशी दुसरी नाही.
अडचण एकच. वाटणीच्या वेळी मामांनी डोकं चालवलं. गाडी सामाईक अंगणात, किल्ली माझ्याकडे, डिस्ट्रिब्युटर थोरल्या बद्रीनाथकडे. प्लगांना ठिणगी वाटून देणारा हा डबा काढला की गाडी म्हणजे पत्र्याचं कपाट. काढायची तर दोघं भाऊ एकत्र येतील, असा मामांचा हिशेब. मामा भोळे होते.
संकल्प : डिस्ट्रिब्युटर त्याच्याकडे मागायचा नाही. दुसरा, त्याच्यापेक्षा भारी, बसवायचा. आणि त्याला यापुढे 'दादा' म्हणायचं नाही. डायरीतसुद्धा.

१६ एप्रिल
ही म्हणाली, भिंतीपलीकडं तर घर आहे, जाऊन मागा. मी म्हणालो, त्यानं आणून द्यावा. मग हिनं जुनं उकरलं. चार वर्षांमागं त्यांच्या सुलभाच्या लग्नात त्यांनी किल्ली मागितली तेव्हा तुम्ही काय सांगितलं?
सापडत नाही, असं सांगितलं होतं. आणि ते खरं होतं. किल्ली माझ्याच कमरेच्या करदोट्याला होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.

२० एप्रिल, दुपारी
शहागंज. फारूख भंगारवाला. हिलमन म्हटल्यावर हसला. म्हणाला, साब, उसका सामान अब अल्ला मियाँ के पास मिलेगा. मग कुठल्यातरी लॉरीचा डिस्ट्रिब्युटर उपसून पुढे ठेवला. बसणार नाही, मी म्हणालो. म्हणाला, हौ तो इंजन का छेद बडा करा लो, टेन्शन नक्को.
महामूर्ख माणूस. डिस्ट्रिब्युटर घेतला.

२३ एप्रिल
बसला नाही. फारूख परत घेत नाही. म्हणतो, आप पढे-लिखे आदमी, देखके लिए ना? उर्मट.
संध्याकाळी छावणीत कडूबाकडे. मिलिटरी लिलावातला माल विकतो. त्याच्याकडे मापाचा मिळाला. आतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट झिजलेले. कडूबा म्हणाला, घासून लई दिवस चालत्यात. मी म्हणालो, घासायचे ते भिकाऱ्यांनी. मी इलेक्ट्रॉनिक करणार. पुण्याहून डबी मागवली. पॉइंटची कटकटच नको.
बद्रीनाथ ओट्यावर शेंगा फोडत बसतो आणि माझ्याकडे बघतो. टरफलं मुद्दाम माझ्या बाजूला टाकतो.

४ मे
डबी आली. सोबत इंग्रजी कागद, अक्षर बारीक. वाचायची गरज नाही, चित्र स्पष्ट आहे. काळी वायर बॉडीला.
एवढ्यात भिंतीवरून आवाज. चार वर्षांत पहिल्यांदा. किसन्या, जुन्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो रे, ती नवी डबी तशी जोडू नको, जळंल!
चार वर्षं न बोललेला माणूस आज का बोलतो? काम बिघडवायला. काळी वायर बॉडीला जोडली. किल्ली फिरवली.
डबी जळाली.
विचार केला. त्याला माहीत होतं की तो सांगेल त्याच्या उलट मी करणार. म्हणून त्यानं खरं सांगितलं. इतका कपटी माणूस आमच्या घराण्यात कसा निपजला?

८ मे
कडूबाचे पॉइंट घासून परत बसवले. (इलेक्ट्रॉनिक म्हणजे फॅडच आहे.) किल्ली फिरवली आणि गाडी बोलली! पण उलटी बोलली. ठो करून कार्बोरेटरमधून जाळ, मांडवाच्या कनातीला भोक. शेजारच्या सारजाबाई सिलिंडर फुटला म्हणून पोथीसकट रस्त्यावर. ओट्यावर हसण्याचा आवाज. मुद्दाम दहा-पंधरा वेळा परत मारून दाखवली. बॅटरी झोपली.

१० मे
जीप ठरवली. पैठणच्या रस्त्याला जीपच बरी. उज्ज्वलाला समजावलं की हिलमनचं मी तसं नक्की कधी म्हटलंच नव्हतं. उठून बाहेर गेली. लग्नाआधी मुली हळव्या होतात.

१३ मे
कालचं लिहून टाकतो.
उज्ज्वला दहा तारखेला बाहेर गेली ती सरळ काकाकडे. पाठवणीच्या वेळी बद्रीनाथ कोट घालून आला. हातात लाल फडकं, त्यात डिस्ट्रिब्युटर. त्याला हळद-कुंकू लागलेलं, वर वाळलेलं झेंडूचं फूल. दर खंडेनवमीला पूजा करतो म्हणे, तेल देतो. बॉनेटमध्ये वाकला, कडूबाचा काढून हा हा म्हणता आपला बसवला. मग माझ्यापुढे हात केला. किल्ली.
व्याही उभे. वऱ्हाड उभं. सफारीचा शर्ट वर करून, पट्टा सैल करून, करदोट्याची गाठ सोडत बसलो. गाठ लवकर सुटेना. वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, सापडली का हो, भाऊजी?
बॅटरी तर झोपलेलीच. मग धक्का. स्टिअरिंगवर तो, मागे उज्ज्वला आणि जावई, आणि गाडीच्या मागे मी आणि जीपचा ड्रायव्हर. उज्ज्वलानं मागच्या काचेतून पाहिलं. रडता रडता हसत होती. गाडी सुरू झाली आणि सगळा धूर माझ्या नव्या सफारीवर सोडून निघून गेली.
नोंद असावी : गाडी माझ्या धक्क्यानं सुरू झाली. त्यानं नुसतं स्टिअरिंग धरलं होतं.
आज सकाळी पैठणहून परतला. गाडी अंगणात लावली, डिस्ट्रिब्युटर काढला, फडक्यात गुंडाळला, घराकडे निघाला. मी म्हणालो, किल्ली. त्यानं खिसे चाचपले. कोट झटकला. म्हणाला, सापडत नाय रे किसन्या.
दादा तोंडावर इतकं खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं.