बावन्नची नोंद

७ जुलै, सोमवार
शनिवारी लॅबमध्ये तपासणीला लावलेले विहिरींच्या पाण्याचे नमुने आज वाचले. बारा गावं, एकाही नळीत गॅस नाही, म्हणजे जंतू नाहीत. पावसाळ्यात असं क्वचित होतं. बरं झालं, काम हलकं.
पायल राठोड, यंदाची फेलो, माझ्या हाताखाली दोन महिने झाले. महागावकडच्या तांड्यावरची पोरगी. हात स्वच्छ, अक्षर सुंदर, प्रश्न फार. सकाळी म्हणाली, "मॅडम, इन्क्युबेटरचा पारा बावन्नवर दिसून राह्यला. सदतीस पाह्यजे ना?" मी म्हटलं, तो थर्मामीटर जुना आहे, दुसरा लाव. मग ती विचारत होती, नळ्या पुन्हा लावायच्या का. मी बैठकीला निघाले होते. रजिस्टरवर आणि अहवालांवर उभ्याउभ्या सह्या केल्या. बाराही 'पिण्यास योग्य'.
ह्यांचा गुडघा आज पुन्हा सुजला.

१० जुलै, गुरुवार
सकाळी साडेदहाला आशा सेविकेचा फोन. पायलच्या मामाच्या तांड्यावर नऊ जणांना जुलाब-उलट्या. विहिरीचं पाणी आमच्या बारांतलंच.
पायल पांढरी पडली. मंगळवारी मामीनं तिला फोनवर विचारलं होतं. "मीच सांगतलं मामीले, प्या म्हणून. रिपोट आला, पाणी चांगलं हाय म्हटलं."
रजिस्टर काढलं. सोमवारच्या तारखेला तिच्या अक्षरात ५२, भोवती लाल गोल. शेजारी माझी सही. मी आकडा पाहिलाच नव्हता. इन्क्युबेटर उघडून दोन थर्मामीटर ठेवले, दोन्हीत एक्कावन्न. थर्मोस्टॅट अडकलेला. शनिवारी लाइन येत-जात होती, तेव्हाच झालं असणार. म्हणजे जंतू वाढले नाहीत, भाजले. नळ्या स्वच्छ दिसल्या त्या म्हणून.
तेहतीस वर्षं हेच काम करते आहे.

११ जुलै, शुक्रवार
लॅबच्या साहेबांना सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, फेरनमुने मागवलेत, निकाल येईपर्यंत गावांना काही कळवू नका, उगाच बोभाटा होईल. आणि वरून खुलासा मागितलाच तर मशीनची नोंद फेलोनं वेळेवर वर सांगितली नाही, असं द्यायचं. "ती सहा महिन्यांची पाहुणी आहे मॅडम. तुमची दोनच वर्षं राहिली."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
बाहेर आले तर पायल गावांची यादी समोर घेऊन फोन लावत बसली होती. एकेका ग्रामसेवकाला सांगत होती, पाणी उकळूनच द्या, विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर टाका, पहिला रिपोर्ट धरू नका. कुणाला विचारलं नव्हतं तिनं. मी खोलीत जाऊन बसले. बाराही फोन ऐकले. तिला थांबवलं नाही, आणि एक फोन मी करते असंही म्हटलं नाही.
फेरनमुने दुपारी आले. दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये लावले. दर दोन तासांनी पारा पाहिला.

१३ जुलै, रविवार
सुट्टी, तरी दोघी आलो. अठ्ठेचाळीस तास भरले. ती नळ्या उचलून उजेडात धरायची, मी लिहायचे. पिवळी, गॅस. पिवळी, गॅस. बारांपैकी आठ गावांचं पाणी दूषित. तांड्याच्या विहिरीच्या तर सगळ्याच नळ्या.
शेवटची नळी स्टँडमध्ये ठेवून म्हणाली, "साहेबानं मले खुलासा मागतला. पारा वर गेला हे मी कोणाले सांगतलं नाही, असं लिवून दे म्हणते. मी सांगतलं होतं ना तुमाले?"
"हो. सांगितलं होतंस."
"मंग ते तुमी लिवा, मॅडम."
आवाज चढवला नाही तिनं. हात धुतले, पिशवी घेतली, गेली. मी आठही गावांचे अहवाल तिथेच तयार करून पाठवले. साहेबांना नंतर कळवलं.

१४ जुलै, सोमवार
सकाळी घरीच खुलासा लिहायला बसले. पहिल्या कागदावर 'दुर्लक्ष झाले' असं आलं. फाडला. दुसऱ्यावर 'कामाच्या व्यापात'. तोही. तिसऱ्यावर लिहिलं, फेलोने तापमानाची नोंद केली, मला तोंडी सांगितले, फेरतपासणीबद्दल विचारले, मी दुर्लक्ष केले. चार ओळी. अक्षर कसंतरीच आलं.
ह्यांना वाचून दाखवला. म्हणाले, दे. मग म्हणाले, पण चौकशी लागेल.
साहेबांनी वाचला आणि परत पुढे सरकवला. म्हणाले, रागात लिहिलंय, घरी न्या, उद्या बोलू. मी कागद उचलला आणि आवक टेबलावर जाऊन नंबर घेतला. पोच पर्समध्ये आहे. तीनदा उघडून पाहिली.

१७ जुलै, गुरुवार
पायल मंगळवारपासून नाही. फोन उचलत नाही. आज तिच्या आईनं, तिच्या याडीनं, उचलला. तांड्यावरचे बाकी सुधारलेत, पण मामाकडे असलेल्या पायलच्या नानीची लघवी बंद झाली, यवतमाळला हलवलंय. पायल तिच्यापाशीच आहे. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, नाव सांगते ती तुमचं." कसं सांगते ते विचारायचा धीर झाला नाही.
दवाखान्यात जायला निघाले, फाटकापर्यंत गेले, परत आले.

१९ जुलै, शनिवार
आज गेले. नानी शुद्धीवर आहे, पण डॉक्टर अजून दोन दिवस काही सांगत नाहीत. पायल बाहेर बाकावर होती. खुलाशाची पोच दाखवली. तिनं वाचली, घडी घालून परत दिली. चौकशीचं पत्र मला काल आलंय, तेही सांगितलं. तुझाही जबाब घेतील म्हटलं.
"जे झालं तेच सांगन मी. तुमची बाजू नाही घेणार."
घेऊ नकोस, म्हटलं.
मग म्हणाली, विहिरीत टीसीएल टाकलंय, पण तांड्यावरचे विचारून राह्यले, आता तरी प्यावं का? मी म्हटलं, उद्या मी स्वतः जाऊन नमुना घेते. तिनं पिशवीतून पेन आणि लेबल काढलं, विहिरीचं नाव लिहिलं. 'नमुना घेणार' ह्यापुढे माझं नाव लिहिलं, पूर्ण, मधलं नावही विचारून. लेबल माझ्या हातात दिलं आणि आत नानीकडे गेली.
लॅबला कधी येशील, हे विचारायचं राहिलं.