माझ्याशिवाय रांगेत उभी राहिलेली खुर्ची

प्रिय हिल्काताई,

धाकट्या ओइवाचा बसल्या बसल्या नमस्कार. (उभ्याने करायचे दिवस संपले. मणक्याच्या दुखण्यात माझे पाय गेले हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्याकडे माणसं बोलत नाहीत, पण बातमी पोचते.) तुझा गुडघा कसा आहे? यंदा बर्फ लवकर पडलं, तेव्हा अंगणात फावडं घेऊन मर्दुमकी गाजवू नकोस. माझं विचारशील तर वरचा मजला ठणठणीत आहे, तळमजला बंद.

पत्रास कारण माझी खुर्ची. ही पालिकेने दिलेली, आपलं आपण चालणारी खुर्ची आहे. मी माझ्या हातांनीच चालवायच्या गाडीत चालकाच्या जागेवर सरकून बसलो की ही गाडीमागे जाते, फळीवरून वर चढते आणि आत स्वतःला अडकवून घेते. मुक्काम आला की तशीच उतरते आणि माझ्या दारापाशी येऊन थांबते. कुणाला ‘जरा हात देता का’ म्हणावं लागत नाही. (ते म्हणण्यापेक्षा आपल्या घराण्यातला माणूस मेलेला बरा, हे मी तुला काय सांगू!) चाळीस वर्षं लाकडाचा ट्रक हाकलेल्या माणसाला स्वतःची गाडी स्वतः चालवता येते, ती या खुर्चीमुळे. आणि ती ठेवायची की परत न्यायची, हे पालिका येत्या शुक्रवारी ठरवणार आहे. गेली तर मी खिडकीशी बसून समोरच्या बर्च झाडाची पानं मोजणार, आणि हल्ली त्याला तीही नाहीत.

झालं असं. गेल्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे बाजारात मासळी आणायला गेलो. गाडी लावली, बटण दाबलं, खुर्ची शहाण्यासारखी उतरली. पण बर्फ काढणाऱ्या गाडीने नेमका माझ्या दाराशी गुडघाभर ढीग रचून ठेवला होता. खुर्ची ढिगापाशी आली, थांबली, तिने विचार केला (माझ्यापेक्षा जास्त केला असावा), आणि दर गुरुवारची ओळखीची वाट धरून दुकानात निघून गेली. दार आपोआप उघडलं. माझं तोंडही.

मी हॉर्न वाजवला. ताई, आपल्या गावात हॉर्न वाजला की माणसं मुद्दाम दुसरीकडे बघतात. वाजवणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. पंचवीसेक जण माझ्यासमोरून गेले. एकाने तर बाजूला सरून खुर्चीला आधी आत जाऊ दिलं होतं! रिकामी खुर्ची चाललीय, कुठे चाललीय, कोणाची आहे, हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत नाक खुपसणं. मीही खुपसलं नसतं म्हणा.

शेवटी दुकानात फोन लावला. मासळीवाल्या इलोनाने उचलला.

“तुमचीच का ती? अहो, रांगेत आहे.”

“रांगेत? रिकामी?”

“एका आजींनी तिच्यासाठी नंबर काढून सीटवर ठेवला. म्हणाल्या, माणूस गेला असेल आत मोरीला, त्याची पाळी जायला नको.”

माझा फोन जाण्याआधी काय झालं तेही तिनेच सांगितलं, ऐक. नंबर सत्तेचाळीस पुकारला गेला. खुर्ची गप्प. इलोनाने पुन्हा पुकारला. खुर्ची गप्प. आणि मागची चौदा माणसं, एकमेकांत हातभर अंतर राखून, तशीच उभी! पाळी चुकवून पुढे जाणार कोण? वीस मिनिटं, ताई. आणि ही वीस मिनिटं मी गाडीत, गुडघ्यावर हात ठेवून. हीटर चालू होता, तरी आतून गार पडत गेलो. हे ऐकलं आणि वाटलं, आपल्या वाटणीची पाळी आलीय, जागाही कुणी घेत नाहीये, फक्त आपणच तिथे नाही आहोत. मला रडू आलं. कुणी पाहिलं नाही, कारण कुणी बघतच नव्हतं.

फोन ठेवल्यावर इलोनाने फावड्याने ढीग उपसला आणि खुर्ची दाराशी आणली. सीटवर अर्धा किलो मुइक्कू, ते बोटभर तळ्यातले मासे, बांधलेले. “सत्तेचाळीसला काहीतरी दिल्याशिवाय अठ्ठेचाळीस घेता येईना,” म्हणाली. मासळीचा वास सीटला अजून आहे.

चौदांपैकी कुणीतरी पालिकेला चिठ्ठी लिहिली. (तोंडावर बोलायला जीभ नाही, चिठ्ठीला मात्र हात शिवशिवतात.) सोमवारी पालिकेच्या सिनिक्काबाई आल्या, कॉफी प्यायल्या, म्हणाल्या, “ओइवा, खुर्ची तुझ्याशिवायही हिंडते. मग तुला ती लागते कशाला? मासळी घरपोच मिळते की.” नेतील तर नेवोत. मी आता कशाचीच आशा धरत नाही. तू गुडघ्याला जप.

तुझा,
ओइवा

ता. क. – सिनिक्काबाईंच्या कागदावर एक प्रश्न होता : ‘खुर्ची घेऊन गाडीने दर आठवड्याला घरच्या कुणाला भेटायला जाता का?’ मी ‘होय’ लिहिलं. कोणाला? ‘बहिणीला. कायानी गावी. दर रविवारी.’ हात आपोआप लिहून गेला. खरं-खोटं पाहायला सिनिक्काबाई शुक्रवारी तुला फोन करतील, मगच खुर्चीचं ठरेल.

ता. क. पुन्हा – नऊ वर्षं आपण बोललेलो नाही, हे मला ठाऊक आहे. आईच्या अंत्यविधीनंतर सगळे कॉफीला बसले असताना मी बाबांच्या होडीवरून जे बोललो, ते बोलायला नको होतं. होडी मी आणली आणि ती माझ्या शेडमागे कुजली. तुला फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र.

ता. क. शेवटचं – लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. तेव्हा शुक्रवारी फक्त ‘ओइवा रविवारी येतोय’ एवढंच सांग, ते मी खरं करतो. अकरापर्यंत पोचेन. तुझ्या दाराला पायऱ्या किती आहेत, तेवढं कळव. मी विसरलो.